पंचेचाळिसावा मतदारसंघ आणि आपले मंडळ

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या चिटणिसांनी मला ‘अमेरिकेतील माझा प्रवास’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. आज्ञा मोडण्याचा माझा स्वभाव नाही; परंतु प्रवासवर्णन करण्याची माझी योग्यताही नाही. मी नायगाराचा धबधबा पाहिला नाही, न्यूयॉर्कच्या उंच इमारती पाहिल्या नाहीत. २०२२ सालच्या शरदात मुलीच्या घरी दोन महिने राहिलो, नातवाला बाराखडी शिकविली आणि परत आलो. या दोन महिन्यांत एकच वस्तू मी बारकाईने पाहिली. ती म्हणजे टपालाने आलेले एक पाकीट. त्या पाकिटाविषयीच मी आज बोलणार आहे. आणि बोलत बोलत शेवटी आपल्या मंडळाच्या दारापर्यंत येणार आहे. विषय परका वाटला तरी आपण थोडा धीर धरावा, अशी विनंती आहे.

माझी मुलगी व जावई अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील वॉशिंग्टन राज्यात, सिअ‍ॅटल शहराजवळच्या कर्कलँड या गावी राहतात. हे राज्य आणि त्या देशाची राजधानी वॉशिंग्टन, ही दोन्ही वेगळी. मध्ये सबंध खंड पसरलेला आहे. ऑक्टोबर महिन्यात एके दिवशी त्यांच्या टपालपेटीत दोघांच्या नावाची दोन जाड पाकिटे आली. आत मतपत्रिका होत्या. त्यांच्याबरोबर उमेदवारांची छायाचित्रे व निवेदने असलेले एक पुस्तकही घरी आले होते. मुलीने रात्रीची भांडी आवरली, जेवणाच्या मेजावर ते पुस्तक उघडले, आणि शाळेच्या परीक्षेस बसावे तशा गांभीर्याने ती एकेक नाव वाचू लागली. मी चष्मा लावून शेजारी बसलो. एका रकान्यावर लिहिले होते : राज्य सिनेट, मतदारसंघ क्रमांक ४५.

सिनेट म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांना विद्यापीठाची अधिसभा आठवते. काहींना अमेरिकेची ती थोर सभा आठवते, जिच्यात प्रत्येक राज्याचे दोन याप्रमाणे शंभर सभासद बसतात. मी सांगतो आहे ती सिनेट तिसरी. अमेरिकेतील पन्नासही राज्यांना आपापले विधिमंडळ आहे, आणि एका नेब्रास्का राज्याचा अपवाद सोडला तर प्रत्येकास दोन सभागृहे आहेत. त्यांतील वरच्या सभागृहास राज्याची सिनेट म्हणतात. आपल्या विधान परिषदेशी तिची तुलना करण्याचा मोह होतो. परंतु भेद मोठा आहे. आपल्या परिषदेच्या ७८ सभासदांपैकी कोणाला आमदार निवडतात, कोणाला नगरपालिका व जिल्हा परिषदांचे सभासद निवडतात, सात जागा पदवीधरांच्या, सात शिक्षकांच्या, आणि बारा नियुक्त. तेथे मात्र राज्य सिनेटचा प्रत्येक सभासद सामान्य मतदारांनीच निवडून द्यावयाचा असतो.

येथे माझी एक खाजगी गोष्ट सांगतो. मी छत्तीस वर्षे शिक्षक होतो. पण विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात मी कधीही मत दिले नाही. कारण तो हक्क माध्यमिक व त्यावरील शाळांतील शिक्षकांचा, मी प्राथमिक. पदवीधर मतदारसंघाचे दार तर मॅट्रिकवरच थांबलेल्या माणसास बंदच. ही तक्रार नव्हे. नियम तसा आहे. परंतु ‘मतदार कोणास म्हणावे’ हा प्रश्न मी आयुष्यभर उंबऱ्याबाहेर उभे राहून पाहिला, म्हणून मुलीच्या घरातील ते पाकीट मला इतरांपेक्षा अधिक मोलाचे वाटले, इतकेच.

आता या पंचेचाळिसाव्या मतदारसंघाविषयी. वॉशिंग्टन राज्याचे ४९ भाग पाडलेले आहेत. प्रत्येक भागातून एक सिनेटर चार वर्षांसाठी आणि खालच्या सभागृहाचे दोन प्रतिनिधी दोन वर्षांसाठी निवडले जातात. २०२० च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ७७ लाख ५ हजारांच्या घरात होती. तिला ४९ ने भागा, म्हणजे एका भागात सुमारे १ लाख ५७ हजार माणसे येतात. सर्व भाग लोकसंख्येने जवळजवळ सारखे ठेवावे लागतात. पंचेचाळिसावा भाग सिअ‍ॅटलच्या पूर्वेस, सरोवराच्या पलीकडे आहे. कर्कलँड, रेडमंड, वुडिनव्हिल अशी गावे वा त्यांचे काही अंश त्यात येतात. रेडमंडला मायक्रोसॉफ्ट कंपनीचे ठाणे असल्याने त्या बाजूस मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत. दिवाळीत चकलीची भाजणी शेजारणीकडे मिळते, इतकी.

या भागात २०१७ साली एक निवडणूक झाली. जावयांनी ती पाहिली होती व तिची हकीकत मला सांगितली. अँडी हिल नावाचे रिपब्लिकन पक्षाचे सिनेटर २०१६ च्या ऑक्टोबरअखेर कर्करोगाने वारले. त्यांची जागा तात्पुरती भरली गेली; आणि उरलेल्या मुदतीसाठी ७ नोव्हेंबर २०१७ रोजी पोटनिवडणूक ठरली. एरवी अशा निवडणुकीकडे कोण पाहतो? परंतु त्या वेळी सिनेटचे ४९ सभासद असे विभागले गेले होते की २५ एका बाजूस आणि २४ दुसऱ्या बाजूस. डेमोक्रॅटिक पक्षाचा एक सभासद रिपब्लिकनांबरोबर बसत असे, त्यामुळे सत्ता त्यांच्याकडे होती. म्हणजे ही एक जागा ज्या पारड्यात पडेल, ते पारडे खाली जाणार! एका भागाच्या मतदारांच्या हाती सबंध राज्याचा तराजू आला. त्या राज्याच्या विधिमंडळाची तोवरची सर्वांत खर्चिक निवडणूक ती ठरली.

दोन उमेदवार होत्या, आणि दोन्ही स्त्रिया. एक, कोरियन स्थलांतरित कुटुंबातील जिनयंग एंग्लंड. दुसऱ्या, मंका धिंग्रा. धिंग्राबाईंचा जन्म आपल्या भोपाळचा. वडील वारल्यानंतर त्या लहानपणीच अमेरिकेस गेल्या, वकील झाल्या, आणि सरकारी अभियोक्त्याच्या कचेरीत काम करू लागल्या. त्या सुमारे पंचावन्न टक्के मते घेऊन विजयी झाल्या आणि सिनेटचा तराजू फिरला. पुढे २०१८ व २०२२ मध्येही त्या निवडून आल्या. मुलीने माझ्यादेखत जी मतपत्रिका भरली, तीवर त्यांचे नाव होते.

मी मुलीस विचारले, “आपल्या म्हणून त्यांना मत देतेस का?” ती म्हणाली, “बाबा, आपल्या म्हणजे कोण? त्या पंजाबी, आपण मराठी. या भागात आपली माणसे मोजली तर त्यांवर कोण निवडून येणार? मी पुस्तक वाचले आणि ठरविले.” मुलीने कोणास मत दिले ते मी विचारले नाही, तिने सांगितले नाही. परंतु तिच्या उत्तराने मी विचारात पडलो. आपल्याकडे निवडणुका आल्या की ज्ञातिसंस्थांच्या दारी पुढारी येतात आणि ‘आपली मते किती?’ असे विचारतात. आपणही छाती फुगवून आकडा सांगतो. पंचेचाळिसाव्या भागात भारतीय वंशाचे लोक अल्पसंख्य. त्या मतदारांनी धिंग्राबाईंना निवडले ते त्यांचे कूळ पाहून नव्हे. हा धडा ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून सांगण्यास मला थोडा संकोच वाटतो. पण न सांगितला तर शिक्षकाचा धर्म बुडेल.

आता मी वर म्हटले की सर्व भाग लोकसंख्येने सारखे ठेवावे लागतात. हा नियम आपणांस सहज वाटेल. पण तो फार उशिरा आला. दक्षिणेकडील अलाबामा राज्यात १९०० सालच्या जनगणनेवर आखलेले सिनेटचे भाग साठ वर्षे तसेच राहिले होते. गावे ओस पडली, शहरे फुगली, पण रेषा हलली नाही. १९६० च्या जनगणनेप्रमाणे जेफरसन परगण्यात ६ लाख ३४ हजार माणसे आणि सिनेटर एक. लाउंड्स परगण्यात १५ हजार ४०० माणसे आणि सिनेटर एक. मी गणिताचा मास्तर. त्रैराशिक केल्यावाचून मला राहवत नाही. लाउंड्सच्या एका माणसाचे वजन जेफरसनच्या एक्केचाळीस माणसांइतके! कॅलिफोर्नियात तर साठ लाखांहून अधिक वस्तीच्या लॉस एंजेलिस परगण्यास एक सिनेटर, आणि डोंगराळ मुलखातील सुमारे चौदा हजार वस्तीच्या एका भागासही एक सिनेटर. तेथे एकाचे वजन चारशे माणसांच्या वर. १५ जून १९६४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अलाबामाच्या खटल्यात निर्णय दिला. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांच्या निकालपत्राचे सार असे की, विधिमंडळातील सभासद माणसांचे प्रतिनिधी असतात. झाडांचे वा जमिनीच्या एकरांचे नव्हेत. म्हणून राज्याची दोन्ही सभागृहे लोकसंख्येच्या पायावरच उभी राहिली पाहिजेत. आठ न्यायाधीश एका बाजूस व एक विरुद्ध, असा तो निकाल झाला.

माणसे सारखी मोजली म्हणजे न्याय झाला काय? तेवढ्याने होत नाही; कारण रेषा आखणारा हातही शुद्ध लागतो. याचे जगप्रसिद्ध उदाहरणही राज्य सिनेटच्या मतदारसंघाचेच आहे. १८१२ साली मॅसॅच्युसेट्स राज्याच्या विधिमंडळातील सत्ताधारी पक्षाने सिनेटचे भाग आपल्या सोयीने पाडले. त्या कायद्यावर गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी सही केली. हे गेरी काही सामान्य गृहस्थ नव्हते. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी ते एक. एसेक्स परगण्यातील एक भाग तर असा वेडावाकडा झाला की बॉस्टनच्या एका वृत्तपत्राने त्याच्या नकाशाला नखे, पंख आणि जबडा जोडून एक प्राणीच चितारला. सॅलमँडर नावाच्या सरड्यासारख्या जीवाच्या नावात गेरींचे नाव मिसळून त्यास ‘गेरीमँडर’ म्हटले. तेव्हापासून मतदारसंघांच्या लबाडीच्या आखणीस इंग्रजीत हाच शब्द रूढ झाला. त्या वर्षीच्या सिनेट-निवडणुकीत विरोधी पक्षास ५१,७६६ मते पडली व जागा मिळाल्या ११. सत्ताधाऱ्यांस ५०,१६४ मते पडली व जागा मिळाल्या २९. मते अधिक, जागा कमी! गेरी स्वतः मात्र त्याच वर्षी गव्हर्नरपद हरले. पुढे ते देशाचे उपराष्ट्राध्यक्षही झाले. पण जगाने त्यांना लक्षात ठेवले ते त्या प्राण्यामुळे. एका चुकीच्या सहीने माणसाची कीर्ती कशी झाकोळते, हे चिटणीस व खजिनदार मंडळींनी ध्यानी ठेवण्यासारखे आहे!

वॉशिंग्टन राज्याने या रोगावर एक उपाय योजिला. १९८३ साली राज्यघटनेत दुरुस्ती करून आखणीचे काम एका आयोगाकडे दिले. दोन्ही पक्षांचे दोन-दोन सभासद, आणि मताचा अधिकार नसलेला एक अध्यक्ष. चौघांपैकी तिघांचे मत जुळल्यावाचून रेषा पक्की होत नाही; म्हणजे एका पक्षास आपल्याच सोयीची रेषा ओढता येत नाही. ही योजनाही निर्दोष नाही. २०२१ साली आयोगाची मध्यरात्रीची मुदत चुकली आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयास मध्ये पडावे लागले. तरीही शत्रूच्या हाती सुरी देण्यापेक्षा चौघांनी मिळून पाव कापावा, हे शहाणपण त्यात आहेच.

आता याकिमा शहराची गोष्ट ऐका. ती आपल्या मंडळाच्या फार जवळची आहे. याकिमा हे त्याच राज्यातील सफरचंदांच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या खोऱ्यातील शहर. त्या बागांत राबणारी पुष्कळ कुटुंबे मूळची मेक्सिकोकडील. शहराच्या वस्तीत त्यांचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास. पण नगरसभेच्या सात जागांवर त्यांचा माणूस निवडून येत नसे. कारण काय? काही जागांचे उमेदवार विभागवार उभे राहत, हे खरे. परंतु अखेरचे मतदान सातही जागांसाठी सबंध शहराचे होई. बहुसंख्यांची एकावन्न मते असली की सातच्या सात जागा त्यांच्या. कोणी कोणाचे मत हिरावून घेतले नव्हते. दार उघडे होते, पेटी खुली होती. फक्त रचनाच अशी होती की चाळीसांचा आवाज दर वेळी शून्य ठरावा. २०१४ साली केंद्रीय न्यायालयाने ही पद्धत बेकायदा ठरविली. शहराचे सात विभाग झाले, आणि २०१५ च्या पहिल्याच निवडणुकीत त्या समाजातील तीन स्त्रिया नगरसभेत गेल्या.

असा खटला प्रत्येक गावाने लढावा म्हणजे पैसा व वर्षे दोन्ही जावयाची. म्हणून न्यायालयात न जाता स्थानिक संस्थांना आपली पद्धत सुधारता यावी, असा एक कायदा वॉशिंग्टन राज्यात कित्येक वर्षे मांडला जात होता. खालच्या सभागृहात तो मंजूर होई आणि सिनेटमध्ये अडे. २०१७ मध्ये पंचेचाळिसाव्या भागाची ती एक जागा फिरली, आणि २०१८ च्या मार्चमध्ये तो मतदान हक्क कायदा संमत झाला. कर्कलँडच्या मतदारांनी पेटीत टाकलेले पाकीट डोंगर ओलांडून याकिमासारख्या गावांपर्यंत असे पोचले.

आता त्या पाकिटाकडे परत येऊ. त्या राज्यात २०११ पासून मतदान टपालानेच होते. मतदानाच्या दिवसाआधी अठरा दिवस तरी मतपत्रिका टपालात पडलीच पाहिजे. मतदाराने ती सवडीने भरावी, पाकिटावर सही करावी, आणि टपालात किंवा रस्त्याच्या कडेच्या पोलादी पेटीत टाकावी. २०१८ पासून पाकिटास तिकीटही लावावे लागत नाही. आमच्या जावयांना सहीविषयी काळजी. त्यांनी बँकेत करतात तशी घाईची सही केली होती. पाकिटावरची सही कचेरीतील सहीशी पडताळली जाते. मेळ बसला नाही तर मत फेकून देत नाहीत, मतदारास पत्र येते, आणि त्याला आपली ओळख पटवून ती चूक सुधारता येते. काही दिवसांनी त्यांना खरोखरच तसे पत्र आले! त्यांनी पुन्हा नीट सही करून पाठविली आणि मत मोजले गेले. मला आश्चर्य वाटले. तो सिनेटर निवडून येऊन जाहीरही होत होता. एका मताने काही बिघडणार नव्हते. तरीही कोणी एक कारकून त्या एका मताच्या मागे पत्र घेऊन लागला होता.

शेजारी एक ऐंशी वर्षांच्या बाई राहत. पाय अधू, घरातून फारसे हलणे नाही. त्यांनी मला अभिमानाने सांगितले की आपण एकही निवडणूक चुकविली नाही. त्या राज्याने स्त्रियांना मताचा हक्क १९१० सालीच दिला. सबंध देशाला तो देण्यास १९२० साल उजाडले. त्या बाईंशी बोलताना मला माझी थोरली बहीण आठवली, आणि येथून माझी गाडी स्वदेशी वळते.

माझी आक्का चाळीसगावास असते. तिचे यजमान आपल्या मंडळाचे आजीव सभासद होते. आपल्या घटनेप्रमाणे सभासदत्व कुटुंबाचे, आणि मत कुटुंबप्रमुखाचे. यजमान गेले, तेव्हा सभासदत्व मुलाच्या नावावर चढले. मुलगा नोकरीनिमित्त सुरतेस. तो कधी सभेस आला नाही. आक्काने मात्र आपल्या वसतिगृहाच्या निधीस दर वर्षी कुटुंब-निवृत्तिवेतनातून वर्गणी पाठविली, न चुकता. एका वर्षी वसतिगृहात मुलींसाठी चार खोल्या असाव्यात, असे पत्र तिने मंडळास धाडले. पत्राची पोच आली. पुढे काही झाले नाही. मी विचारता ती म्हणाली, “अरे, मी तेथे कोण? माझे तेथे मत आहे का?” भगिनींनो, या प्रश्नास मजपाशी उत्तर नव्हते. सात समुद्रांपलीकडे एका कारकुनाने माझ्या जावयांच्या एका सहीपायी पत्र लिहिले; आणि येथे तीस वर्षे वर्गणी देणाऱ्या माझ्या बहिणीस आम्ही मतदार म्हणून मोजलेच नाही.

मंडळाच्या निवडणुकीची आपली पद्धत आपण जाणताच. सर्वसाधारण सभा पुण्यास भरते. जो येईल त्याचे मत. सर्व जागांसाठी सभागृहातील सर्वांनी हात वर करावयाचे. जळगाव, चाळीसगाव, चिपळूण, बेळगाव येथील बांधवांनी एका मतासाठी रात्रीची गाडी पकडावी, धर्मशाळेत उतरावे, आणि दुसऱ्या दिवशी पुणेकरांच्या हातांच्या रानात आपला एक हात वर करावा! परिणाम असा की गेल्या कित्येक वर्षांत कार्यकारिणीवर पुण्याबाहेरचा सभासद क्वचितच आला. यात कोणाची लबाडी आहे असे मी मुळीच म्हणत नाही. पुण्याच्या मंडळींनी खस्ता खाल्ल्या म्हणूनच हे वसतिगृह उभे आहे. परंतु याकिमातही कोणी दार लावले नव्हते; रचनाच दाराचे काम करीत होती.

म्हणून घटनादुरुस्तीसाठी मी तीन सूचना नम्रपणे मांडतो. पहिली : मत कुटुंबाचे नसावे, माणसाचे असावे. अठरा वर्षांवरील प्रत्येक सभासदास, स्त्री असो वा पुरुष, स्वतंत्र मत असावे. दुसरी : कार्यकारिणीच्या जागा विभागवार असाव्यात, आणि विभाग सभासदसंख्येने शक्य तितके सारखे असावेत. त्यांची आखणी चार जणांच्या समितीने करावी. त्यातील दोन पुण्याचे व दोन बाहेरचे असावेत, आणि तिघांचे एकमत झाल्यावाचून ती पक्की होऊ नये. तिसरी : मतपत्रिका टपालाने घरोघर जावी, पाकिटावर सही घ्यावी, आणि सही जुळली नाही तर सभासदास पत्र लिहून विचारावे.

यावर आक्षेप येतील. काही माझ्या कानी आलेही आहेत. पुण्याची मंडळी म्हणतील, विभाग केले तर आमचे महत्त्व जाईल. जाणार नाही, पुण्यात सभासद अधिक, म्हणून त्यांच्या जागाही अधिकच राहतील. जाईल ते एवढेच की सर्वच जागा त्यांच्या होणार नाहीत. उलट लहान शाखांचे बांधव म्हणतील, आम्हांस प्रत्येकी एक जागा द्या, मग आमचे सभासद तीस असोत की तीनशे. त्यांस मी अलाबामाचे त्रैराशिक सांगेन. जो अन्याय आज आपल्यावर होतो, तोच उद्या उलटा करून दुसऱ्यावर लादणे हा न्याय नव्हे. लहान शाखांनी शेजारच्या शाखेशी मिळून एक विभाग करावा. खजिनदार म्हणतील, टपालखर्च कोठून आणावा? मी हिशेब केला आहे. सभेच्या दिवशी आपण जे भोजन देतो, त्यातील एक पक्वान्न कमी केले तर टपालाचा खर्च निघतो. श्रीखंड की मतदान, हे सभेने ठरवावे! आणि खोट्या सह्यांची भीती म्हणाल, तर हात वर करणाऱ्यांची यादी आजवर कोणी पडताळून पाहिली आहे? ही दुरुस्ती सर्वसाधारण सभेत मंजूर करून धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत रीतसर नोंदवावी लागेल. पण तेवढे कष्ट घेण्याजोगे हे काम आहे.

बंधुभगिनींनो, राज्ये मोठी असतात आणि मंडळे लहान. तरी दोहोंत प्रश्न एकच असतो : जो सभागृहात येऊ शकत नाही, त्यालाही आपण मोजतो की नाही? पंचेचाळिसाव्या भागातील ती निवडणूक मोठ्या पैशांची झाली, तिचा गाजावाजा झाला, तीत कोणी जिंकले, कोणी हरले. ते सारे मी विसरेन. पण जेवणाच्या मेजावर बसून पाकीट भरणारी माझी मुलगी, घरातून न हलता मत देणारी ती शेजारीण, आणि एका सहीसाठी पत्र लिहिणारा तो न पाहिलेला कारकून, या तिघांस मी विसरणार नाही.

पुढील सर्वसाधारण सभेपुढे या सूचना ठेवण्याची परवानगी अध्यक्षमहाराजांनी द्यावी, अशी प्रार्थना आहे. त्या मंजूर झाल्या तर मंडळाची पहिली मतपत्रिका चाळीसगावच्या पत्त्यावर मी स्वतः टपालात टाकीन. नामंजूर झाल्या, तरी सभेचा निर्णय मला शिरसावंद्य आहे. मात्र त्या सभेत आक्काचे मत नव्हते, एवढे माझ्या मनात राहील.